केडगावच्या विहिरी

विहीर रात्रीतून भरते, हे दख्खनच्या पठारावरील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. दिवसभर मोट चालवून तळ दिसू लागला की बैल सोडायचे, विहिरीला विसावा द्यायचा आणि पहाटे पाहायचे. खडकाच्या फटींतून आणि मुरमाच्या थरांतून झिरपून हात-दोन हात पाणी पुन्हा साचलेले असते. काळ्या पाषाणाच्या या भूमीत पाणी वाहत नाही, पाझरते. आणि पाझराला वेळ लागतो. १९०० सालच्या भीषण दुष्काळात मात्र पुणे जिल्ह्यातील केडगावी, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात, हीच साधी गोष्ट ईश्वरी कृपेची खूण म्हणून पाहिली गेली. दीड-दोन हजार माणसे, त्यांतील बहुसंख्य दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली आणि स्त्रिया, शिवाय गुरेढोरे. आणि या साऱ्यांची तहान भागवायची ती मोजक्या विहिरींनी. सायंकाळी विहिरी उपसून रित्या होत, उद्याचे काय या विवंचनेत प्रार्थना होई आणि सकाळी त्या दिवसापुरते पाणी आलेले असे. एक नव्हे, असे अनेक दिवस गेले.

ही ईश्वराची खूण की भूजलाचा नियम, असा प्रश्न विचारून मोकळे होणे सोपे आहे. श्रद्धाळू एक उत्तर देईल, बुद्धिवादी दुसरे, आणि दोघेही आपापल्या घरी समाधानाने परततील. परंतु रमाबाई काही अडाणी भाविक नव्हत्या. संस्कृत विद्येसाठी कलकत्त्याच्या पंडितांनी गौरविलेली, अवघा हिंदुस्थान पायांखाली घातलेली, इंग्लंड-अमेरिका पाहिलेली ही विदुषी होती. विहिरी कशा भरतात हे केडगावच्या कुणब्याइतकेच तिलाही कळत असणार. तरीही तिला त्या पाण्यात खूण दिसली. कशामुळे दिसली, आणि त्या दिसण्याला किती मोल द्यावे, हा प्रश्न अधिक अवघड आहे. त्याचे उत्तर शोधताना रमाबाईंच्या आयुष्यातील दुसऱ्या एका दुष्काळाकडे वळावे लागते. पण त्याआधी आपल्या परंपरेत ‘खूण’ म्हणजे काय, हे थोडे पाहू.

आपल्या भाषेला या विषयात शब्दांची वाण कधीच पडलेली नाही. प्रचीती, दृष्टान्त, साक्षात्कार, कौल हे सारे शब्द एकाच कुळातले, पण प्रत्येकाचा स्वभाव निराळा. कोकणातल्या ग्रामदेवतेच्या देवळात गुरव गाऱ्हाणे घालून कौल लावतो. मूर्तीच्या अंगावर ओली फुले वा तांदूळ चिकटवितात. उजवीकडचे पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. यातला एक बारकावा शहरी टीकाकारांच्या ध्यानात सहसा येत नाही. कौल लावणाऱ्याला डावा कौलही स्वीकारावा लागतो. गावातला तंटा, लग्नाची बोलणी, शेताची वाटणी यांतला निर्णय माणसाच्या हातून काढून देवाच्या पदरात टाकायचा, म्हणजे हरलेल्यालाही मान खाली घालावी लागत नाही. उजवाच कौल मिळेपर्यंत फुले चिकटवीत राहणारेही असतात. पण गाव त्यांना ओळखून असतो.

नवसाचे तसे नाही. देवीच्या मंदिरात छताला टांगलेले पाळणे पाहून भाविकाचा ऊर भरून येतो: इतक्या जणींची कूस उजवली! परंतु जिचा नवस फळला नाही, ती पाळणा बांधायला येतच नाही. फळलेल्या नवसांचीच तेवढी नोंद त्या छतावर होत असते. न फळलेल्यांची नोंद कोठेही नसते. प्रचीतीच्या कथांचा सारा संभार हा असा एकतर्फी असतो, आणि त्या कथा ऐकून दृढ झालेली श्रद्धा म्हणजे निम्मीच वही वाचून मांडलेला हिशोब होय. गीतेत अनन्यभावाने भजणाऱ्यांचा योगक्षेम वाहण्याचे आश्वासन भगवंताने दिले आहे. पुढे आयुर्विमा महामंडळाने आपले बोधवाक्य नेमके त्याच श्लोकातून उचलले आणि हप्ता चुकला तर काय होते हे पॉलिसीच्या पाठीमागे बारीक टायपात छापले. विनोदाचा भाग सोडला तरी, देवाच्या आश्वासनाला असा बारीक टाईप नसतो, म्हणूनच श्रद्धावंताची परीक्षा अधिक कठोर असते.

इंद्रायणीत बुडविलेल्या वह्या तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या, ही तुकोबांची कथा मराठी मनाला प्रचीतीची सर्वांत मोठी कथा वाटते. ती ऐतिहासिक सत्य म्हणून घ्यावी की नाही, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. प्रस्तुत लेखकाला त्या कथेतली निराळीच गोष्ट मोलाची वाटते. वह्या वर आल्यानंतर तुकोबांनी विजयाचा डंका पिटला नाही. या प्रसंगाशी परंपरेने जोडलेल्या अभंगांत पश्चात्तापाचा सूर आहे: आपण देवाचा अंत पाहिला, आपल्यापायी त्याला कष्ट घ्यावे लागले, हा आपला अपराध झाला. ज्याला एवढी मोठी खूण मिळाली त्याला ती मागितल्याची लाज वाटावी, हे विलक्षण आहे.

आता रमाबाईंचा पहिला दुष्काळ. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल स्वजातीयांचा रोष त्यांनी पत्करला आणि पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या अरण्यात जाऊन घर थाटले. तेथेच १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थाटन करीत राहिले. शास्त्रीबोवा देवळातून पुराण सांगत. श्रोते जे देत त्यावर निर्वाह चाले आणि उरलेले दानधर्मात जाई. १८७०नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा गाठीचा पैसा संपला होता. दाने झाली, जपजाप्य झाले, अनुष्ठाने झाली. शास्त्रात सांगितलेल्या साऱ्या अटी पाळल्या, आता देव धावून येईल, काही खूण देईल, अशी वाट पाहणे चालू होते. अंगमेहनतीचे हलके काम करावे, तर ब्राह्मण्याचा आणि विद्येचा अभिमान आड येई, भीक मागवेना. अखेर तिरुपतीच्या परिसरातील जंगलात हे कुटुंब मरणाची वाट पाहत शिरले. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधीचा निश्चय केला आणि मुलांचा एकेक करून निरोप घेतला. धाकट्या रमेला जवळ घेऊन, आपण तुला देवाच्या हवाली करीत आहोत, तू त्याचीच होऊन राहा आणि जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा आशयाचे ते बोलले. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला. अभिमान गुंडाळून ठेवून आपण मजुरी करू, पण वडिलांनी प्राण देऊ नये, असे त्याने विनविले. आत्मघात टळला, मृत्यू टळला नाही. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली. आईला खांदा द्यायला माणसे मिळेनात, तेव्हा सोळा वर्षांच्या रमेने चौथा खांदा दिला. आणि उंची कमी पडत होती म्हणून तिरडीचा दांडा तिला डोक्यावर घ्यावा लागला. मग थोरली बहीणही पटकीने गेली.

अनंतशास्त्र्यांच्या श्रद्धेत उणेपणा काय होता? हा प्रश्न टाळता येत नाही. रमाबाईंनी स्वतः पुढे त्याचे उत्तर दिले ते असे की, आपले आईवडील ज्यांची आराधना करीत होते ते देवच खरे नव्हते. खरा देव आपल्याला नंतर सापडला. १८८३ साली इंग्लंडमध्ये वॉन्टेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती, तेव्हा त्यांच्या दृष्टीने हे उत्तर स्वाभाविकच आहे. परंतु ते पुरे पडत नाही. खऱ्या देवाची प्रार्थना करणारेही दुष्काळात मेले, आणि खोट्या म्हटल्या गेलेल्या देवांचे भक्तही तरले. अनंतशास्त्री आणि त्यांची लेक यांच्यातला फरक देवाच्या नावात शोधण्यापेक्षा दोघांनी देवावर काय काय सोपविले, यात शोधावा, असे मला वाटते.

१८८९ साली मुंबईत आणि नंतर पुण्यात शारदासदन चालविताना रमाबाईंच्या पाठीशी अमेरिकेतील मित्रांची संस्था होती, पण तिचे अभिवचन दहा वर्षांपुरते होते. ते १८९८ मध्ये संपणार. १८९३च्या धर्मांतराच्या वादळात रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही दूर झाले होते. अशा वेळी रमाबाईंनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे ब्रिस्टॉलच्या जॉर्ज म्यूलरचे आणि चीनमध्ये काम करणाऱ्या हडसन टेलरचे चरित्र वाचले. कोणाही माणसापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथांना पोसणाऱ्या म्यूलरचा आदर्श हिंदुस्थानात चालेल काय, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खोदल्या आणि संत्र्यांसारखी फळझाडे लावली. दहा वर्षांची मुदत संपेल तेव्हा बागेचे उत्पन्न हाती यावे म्हणून. प्रार्थनाही केली आणि झाडेही लावली. (म्यूलरविषयीही एक गोष्ट नमूद करावयास हवी. तो कोणाजवळ मागत नसे हे खरे, पण संस्थेचे वार्षिक अहवाल छापून वाटीत असे. पुढे केडगावहूनही इंग्रजीत एक पत्रिका निघू लागली आणि तिच्यातून तेथील गरजा परदेशी वाचकांना कळत. ईश्वर अंतर्यामी असला तरी त्याचे भक्त छापील मजकूर वाचतात, एवढाच याचा अर्थ.)

यानंतरचा प्रसंग मात्र कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करील असा आहे. १८९६ साली लोणावळ्याच्या एका धर्ममेळाव्यात रमाबाई होत्या. त्यांच्याजवळच्या पंधरा मुली तोवर ख्रिस्ती श्रद्धेकडे वळल्या होत्या. त्याबद्दल आभार मानताना त्यांनी प्रार्थना केली, ती अशी की या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे दोनशे पंचवीस मुली देवाने आपल्याला द्याव्यात. तेव्हा सदनातल्या साऱ्या मुली मिळूनही संख्या त्याच्या पुष्कळ खाली होती. मागणे अशक्य कोटीतले वाटावे असे होते. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला. मध्य प्रांतात दुष्काळाने थैमान घातले. रमाबाई तिकडे गेल्या, अन्नछत्रांत आणि सरकारी छावण्यांत फिरल्या, निराधार मुलींची काय दशा होते आणि त्यांच्यावर कोणाची नजर असते हे त्यांनी पाहिले आणि मुलींना आगगाडीने घेऊन आल्या. काही महिन्यांतच त्यांच्या आसऱ्याला आलेल्या मुलींची संख्या दोनशे पंचविसाच्या पुढे गेली.

प्रार्थना फळली, असे चरित्रकार लिहितात. पण कशाने फळली? एका स्त्रीची मागणी पुरविण्यासाठी लक्षावधी माणसे उपाशी मारणारा देव कोणाला हवा आहे? प्रचीतीच्या कथा सांगताना आपण नेहमी येथे अडखळतो, आणि अडखळायलाच हवे. अपघातातून वाचलेला गृहस्थ देवाची कृपा म्हणून सत्यनारायण घालतो, तेव्हा त्याच बसमधल्या मेलेल्यांच्या घरी त्या कृपेचा अर्थ काय लावायचा, याचा विचार तो करीत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. जिवंत राहिलेल्या माणसाला कोणाचे तरी आभार मानावेसे वाटतात. रमाबाईंच्या बाबतीत निदान एवढे म्हणता येते की, दुष्काळाची वार्ता ऐकताच त्यांना आठवले ते लोणावळ्यातले गणित नव्हे. आपल्या अनुभवकथनात त्यांनी सांगितले आहे ते तिरुपतीच्या जंगलाविषयी. उपासमार आतून कशी असते हे ठाऊक असल्यामुळे त्यांना घरी बसवेना. पैसा नव्हता, अमेरिकेतल्या संस्थेचा पैसा शारदासदनासाठी होता, या नव्या मुलींसाठी नव्हे. तरी त्या गेल्या. दोनशे पंचवीस हा आकडा खूण ठरला तो मागाहून, मुली घरात आल्यावर. त्या गेल्याच नसत्या तर दुष्काळ तेवढा पडला असता आणि आकडा कोणाला आठवलाही नसता.

केडगावचे मुक्तिसदन तरी कोणत्या योजनेतून उभे राहिले? १८९७ साली पुण्यात प्लेग होता. दुष्काळातून आणलेल्या मुलींना शहरात ठेवता येणार नाही, असा हुकूम निघाला. मुलींना केडगावच्या उघड्या माळावर न्यावे लागले. तेथे तंबू आणि झोपड्या होत्या, आणि विहिरी होत्या. अडचणीच्या हुकुमातून संस्थेचा जन्म झाला, याला ईश्वरी योजना म्हणावे तर म्हणता येईल. पण विहिरी प्लेगच्या आधी खोदलेल्या होत्या.

मला वाटते, पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेचे मर्म या ठिकाणी आहे. जंगलात त्यांच्या वडिलांनी कर्म आणि फळ दोन्ही देवावर सोपविले आणि ते स्वस्थ बसले. लेकीने कर्म स्वतःकडे ठेवून फळ तेवढे त्याच्यावर टाकले. गीता तिने मागे टाकली होती, पण कर्मयोगाची शिकवण तिच्या रक्तातून गेली नव्हती असे म्हटले तर तिला आवडले नसते; आपल्याला म्हणायला हरकत नाही. केडगावी हातमाग होते, छापखाना होता, गोठा होता, शेती होती. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकविली जाई. प्रार्थनेची घंटा आणि कामाची घंटा एकाच आवारात वाजत असे. १९०० साली रात्रभर पाझरणाऱ्या त्या विहिरींत तिला खूण दिसली, कारण त्या कोणत्या आशेने खोदल्या होत्या, कोणासाठी उपसल्या जात होत्या आणि एक दिवस जरी पाणी आटले तरी काय ओढवेल, हे तिला ठाऊक होते. भूजलाचा नियम त्या खुणेच्या आड येत नाही. नियमाने आलेले पाणी उपकार नव्हे, असे तहानलेल्याला कधी वाटत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो पोकळ नाही. भुकेल्या पोरीला भाकरी देणारा हात प्रार्थनेसाठी जोडलेला असेल, तर त्या पोरीच्या श्रद्धेला स्वातंत्र्य कितपत उरते? आठ-दहा वर्षांच्या अनाथ मुलीने धर्म बदलला, यात तिची निवड किती आणि परिस्थिती किती? या प्रश्नावरून महाराष्ट्राने रमाबाईंना दीर्घकाळ अडगळीत टाकले. प्रश्न योग्य होता, शिक्षा अवाजवी होती. त्या मुलींना त्या छावण्यांतून सोडवून आणण्यासाठी पदरचे घालून जाणारी माणसे त्या काळी फार थोडी होती. ज्यांनी रमाबाईंच्या देवाला नावे ठेवली, त्यांतल्या किती जणांनी आपल्या देवाच्या नावाने एक तरी मुलगी घरी आणली, हेही विचारायला हवे.

आणि केडगावला पोहोचलेल्या साऱ्या मुली वाचल्या असेही नाही. कित्येकींची शरीरे उपासाने इतकी खचलेली होती की अन्न मिळूनही ती सावरली नाहीत. हे रमाबाईंनी लपविले नाही. देवळाच्या छतावरल्या पाळण्यांत ज्यांची नोंद होत नाही त्यांची नोंद त्यांच्या लेखनात आहे: आईवडिलांच्या मरणाची, बहिणीची आणि या अनामिक मुलींचीही. १९०७च्या आत्मनिवेदनात देवाचे आभार मानणारी स्त्री तिरुपतीचे अकरा दिवस विसरलेली नाही. म्हणून तिची साक्ष मला ग्राह्य वाटते; केवळ फळलेल्या नवसांची यादी वाचणाऱ्याची वाटत नाही.

अखेरच्या वर्षांत तर खुणांचे सारे शास्त्र कोलमडावे असा प्रसंग आला. मुलगी मनोरमा हीच त्यांची वारस. एका वर्षाची नव्हती तोच तिचे वडील, बिपिनबिहारी मेधावी, पटकीने गेले होते. आईने तिला परदेशी शिकवून आणले होते आणि संस्थेची सारी धुरा हळूहळू तिच्या खांद्यावर देत आणली होती. १९२१च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या. त्रेसष्ट वर्षांच्या, बहिऱ्या होत चाललेल्या रमाबाईंनी ज्या देवाकडे दोनशे पंचवीस मुली मागितल्या आणि ज्याने त्याहून अधिक दिल्या असे त्या मानीत, त्याने पोटची एकुलती एक नेली. याला कोणता कौल म्हणावे? डावा म्हणावा, तर तो लावलाच कोणी होता?

रमाबाई त्या वेळी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याच्या कामात होत्या. कोणा समितीची मदत न घेता अनेक वर्षे चालविलेले ते काम, साध्या बायकांना आणि खेडुतांना समजेल अशा मराठीत. त्याची जुळणी आणि छपाई मुक्तिसदनातल्याच मुली-बायका करीत. मनोरमाबाईंच्या मागे त्या जेमतेम नऊ महिने जगल्या. ते महिने त्यांनी मुद्रिते तपासण्यात घालविले. १९२२च्या ५ एप्रिलला त्या गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झालेले होते. छापून पूर्ण झालेला ग्रंथ मात्र त्यांना पाहायला मिळाला नाही. पुणे-दौंड लोहमार्गावरच्या त्या गावी संस्था आजही चालू आहे.